शांतता मागणाऱ्या आणि शांतता लिहिणाऱ्या : उत्तर आयर्लंडमधील स्त्रियांची तीस वर्षे

१/
३० मे १९९६. उत्तर आयर्लंडमध्ये शांतता-वाटाघाटींसाठी प्रतिनिधी निवडण्याची निवडणूक झाली. जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी स्थापन झालेल्या एका पक्षाला तीत ७,७३१ मते पडली, म्हणजे एकूण मतांच्या साधारण एक टक्का. तेवढ्या मतांच्या बळावर दोन स्त्रिया, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, वाटाघाटींच्या टेबलाशी जाऊन बसल्या. दोन वर्षांनी झालेल्या गुड फ्रायडे करारात त्यांच्या पक्षाने आग्रहाने घालायला लावलेली कलमे आजही वाचता येतात.

२/
हा एक टक्का आला कोठून? त्याचे उत्तर त्या सहा आठवड्यांत सापडत नाही. त्यासाठी पाव शतक मागे जावे लागते. या धाग्यात एकच प्रश्न धरून चालू : शांततेची मागणी करणे आणि शांततेचा मसुदा लिहिणे यांत किती अंतर असते, आणि उत्तर आयर्लंडमधील स्त्रियांनी ते कसे कापले?

३/
प्रथम पार्श्वभूमी. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तेथे प्रोटेस्टंट बहुसंख्य, कॅथलिक अल्पसंख्य. घरांचे वाटप, नोकऱ्या, स्थानिक मतदानाचे नियम या सर्वांत कॅथलिकांना डावलले जाई. १९६८ मध्ये नागरी हक्कांसाठी मोर्चे निघाले. १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरले. त्यानंतरच्या तीन दशकांना इंग्रजीत ‘ट्रबल्स’ असे सौम्य नाव आहे. सुमारे पंधरा लाख वस्तीच्या या प्रदेशात त्या काळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली.

४/
चार संज्ञा लक्षात ठेवल्या की पुढचे सोपे जाईल. ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे ते युनियनिस्ट. त्यांतील जहाल, प्रसंगी सशस्त्र, ते लॉयलिस्ट. अखंड आयर्लंड हवे असलेले ते नॅशनलिस्ट. त्यांतील जहाल ते रिपब्लिकन. आयरिश रिपब्लिकन आर्मी (आयआरए) ही रिपब्लिकनांची सशस्त्र संघटना आणि शिन फेन हा तिच्याशी निगडित राजकीय पक्ष. ब्रिटिश सैन्य आणि पोलीस हे या संघर्षातील तिसरे शस्त्रधारी. हा तिसरा कोन विसरला की स्त्रियांच्या चळवळीतील पुढची भांडणे उमगत नाहीत.

५/
मृतांपैकी दहांत नऊ पुरुष होते. मागे उरलेल्या स्त्रियांच्या वाट्याला तुरुंगातील भेटी, एकटीच्या कमाईवर चालणारे घर आणि रात्री-अपरात्री होणाऱ्या झडत्या आल्या. दोन्ही बाजूंच्या कथनांत स्त्री दिसते ती बहुधा मृताजवळ बसलेल्या आईच्या रूपात. प्रत्यक्षात स्त्रिया पहिल्या वर्षापासून रस्त्यावर होत्या. मात्र आपापल्या वस्तीच्या रस्त्यावर.

६/
जुलै १९७० मध्ये सैन्याने बेलफास्टमधील फॉल्स या कॅथलिक वस्तीत संचारबंदी लावून घरोघर झडत्या घेतल्या. चार नागरिक मारले गेले. ५ जुलैला शेजारच्या वस्त्यांतील हजारो स्त्रिया बाबागाड्यांत पाव आणि दूध भरून निघाल्या आणि सैनिकांची नाकेबंदी ओलांडून आत शिरल्या. संचारबंदी त्यांनीच मोडली. पुढे सैनिक येताना दिसले की कचऱ्याच्या डब्यांची झाकणे रस्त्यावर आपटून इशारा देणे, हे या वस्त्यांतील स्त्रियांचे नित्याचे काम झाले.

७/
ही शांतता-चळवळ होती का? रूढ अर्थाने नव्हती. ती आपल्या वस्तीच्या बचावाची कृती होती. पण त्याच काळात दुसरा प्रवाहही सुरू झाला. १९७० मध्ये ‘विमेन टुगेदर’ या संघटनेत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट स्त्रिया एकत्र आल्या. १९७२ मध्ये डेरी शहरात, सुट्टीवर घरी आलेल्या एका स्थानिक कॅथलिक सैनिकाला ‘ऑफिशियल आयआरए’ने ठार केले. तो १९ वर्षांचा होता. त्याच्याच वस्तीतील स्त्रियांनी मारेकऱ्यांना जाहीर जाब विचारला. काही दिवसांतच त्या गटाने शस्त्रसंधी जाहीर केली. स्त्रियांचा रोष हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

८/
आता सर्वांत गाजलेल्या अध्यायाकडे. १० ऑगस्ट १९७६, पश्चिम बेलफास्ट. सैनिक आयआरएच्या एका मोटारीचा पाठलाग करीत होते. त्यांनी झाडलेल्या गोळीने चालक ठार झाला आणि मोटार पदपथावर चढली. तेथून एक आई मुलांना घेऊन चालली होती. आठ वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि सहा आठवड्यांचे बाळ अशी तिन्ही मुले दगावली. आई गंभीर जखमी झाली.

९/
जवळच राहणाऱ्या बेटी विल्यम्स यांनी घरोघर जाऊन हिंसाचार थांबवण्याच्या मागणीवर सह्या गोळा केल्या. मुलांची मावशी मेरेड कॉरिगन त्यांना येऊन मिळाली. पत्रकार किअरन मॅककिओन तिसरे. चौथ्याच दिवशी, १४ ऑगस्टला, सुमारे दहा हजार माणसे मोर्चात उतरली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. दोन आठवड्यांनी कॅथलिक स्त्रिया शँकिल या कट्टर प्रोटेस्टंट रस्त्यावरून चालल्या आणि तेथील स्त्रियांनी त्यांचे स्वागत केले. काही महिन्यांपूर्वी हे कोणी स्वप्नातही आणले नसते. ‘पीस पीपल’ चळवळ उभी राहिली. १९७६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक १९७७ मध्ये विल्यम्स आणि कॉरिगन यांना देण्यात आले.

१०/
आणि तरीही ही लाट फार टिकली नाही. का? याचे उत्तर पहिल्या दोन महिन्यांतच दिसते. ऑक्टोबर १९७६ मध्ये पश्चिम बेलफास्टमधील टर्फ लॉज वस्तीत १३ वर्षांचा एक मुलगा सैनिकांच्या प्लास्टिक गोळीने दगावला. त्या निषेधाच्या सभेला पीस पीपलच्या नेत्या गेल्या, तेव्हा संतप्त जमाव त्यांच्यावर धावून गेला. लोकांचा सवाल थेट होता : आयआरएच्या मोटारीने मुले गेली तेव्हा देश हलला, सैन्याच्या गोळीने मूल गेले, आता तुमचा मोर्चा कोठे आहे?

११/
या प्रश्नातच ‘शांतता’ या शब्दाची अडचण दडलेली आहे. ‘हिंसा थांबवा’ ही हाक सर्वांना उद्देशून असते. पण ती ऐकताना प्रत्येक जण विचारतो की, सरकारी बंदुकीचा तीत समावेश आहे का? पीस पीपलने पुढे आणीबाणीच्या कायद्यांविरुद्धही आवाज उठवला, पण तोवर गर्दी ओसरली होती. नोबेलच्या रकमेवरून मतभेद झाले. १९८० मध्ये विल्यम्स बाहेर पडल्या. त्याच वर्षी जानेवारीत त्या तीन मुलांच्या आईने आपले जीवन संपवले.

१२/
चळवळीचे माप काढताना दोन्ही बाजू पाहाव्यात. १९७६ मध्ये सुमारे तीनशे माणसे मारली गेली; १९७७ मध्ये ती संख्या एकशे दहाच्या आसपास आली. या घटीचे सारे श्रेय मोर्चांना देता येत नाही. पोलिसी कारवाया आणि सशस्त्र गटांच्या बदललेल्या डावपेचांचाही तीत वाटा होता. पण सामान्य माणसांना खून नको आहेत, हे त्या उन्हाळ्यात सर्वांसमक्ष सिद्ध झाले. जे झाले नाही ते असे : खून थांबल्यावर सत्ता कोणाची, पोलीस कोणाचे, कैद्यांचे काय, यावर चळवळीकडे लोकांना मान्य होईल असा मसुदा नव्हता.

१३/
याच सुमारास स्त्रीवादी संघटना वेगळ्या वाटेने निघाल्या होत्या. १९७५ मध्ये ‘नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स राइट्स मूव्हमेंट’ स्थापन झाली. ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध झालेला कायदा उत्तर आयर्लंडला लागू नव्हता. तो लागू करा, ही मागणी १९७६ मध्ये पदरात पडली. समान वेतन, पाळणाघरे, घटस्फोटाचा कायदा हे प्रश्न कॅथलिक आणि प्रोटेस्टंट स्त्रियांना सारखेच भिडत होते.

१४/
पण संघर्षाने त्यांनाही दुभंगले. फेब्रुवारी १९८० पासून आर्मा येथील स्त्रियांच्या तुरुंगात तीसहून अधिक रिपब्लिकन कैद्यांनी अंघोळ आणि कोठडीची स्वच्छता नाकारणारे आंदोलन केले. डिसेंबरमध्ये तिघी उपोषणाला बसल्या. बाहेरच्या स्त्रीवाद्यांपुढे प्रश्न उभा राहिला : हा स्त्रियांचा लढा मानायचा की आयआरएचा? ‘विमेन अगेन्स्ट इम्पीरियलिझम’ हा गट तुरुंगाबाहेर निदर्शने करीत होता. इतर अनेकींना मात्र वाटे की, त्या बाजूला एक पाऊल टाकले तरी प्रोटेस्टंट स्त्रिया कायमच्या दुरावतील. भांडणे झाली, गट फुटले, मैत्रिणी बोलेनाशा झाल्या.

१५/
या काळातील एक संकल्पना मात्र अत्यंत मोलाची ठरली. डेरीमध्ये पीडित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या कॅथी हार्किन यांनी उत्तर आयर्लंडच्या समाजाला ‘सशस्त्र पितृसत्ता’ असे नाव दिले. आशय असा : जेथे पुरुषांच्या हातात बंदूक सहज असते, तेथे ती फक्त शत्रूसाठी राहत नाही. ती घरीही येते.

१६/
हे शब्दशः खरे होते. पोलीस आणि राखीव सैनिक आपले शस्त्र घरी बाळगत. सशस्त्र गटातील नवऱ्याच्या शब्दामागे अख्ख्या गटाची दहशत असे. रिपब्लिकन वस्तीत मार खाणाऱ्या बाईने पोलिसांना बोलावणे म्हणजे शत्रूला दारात आणणे. आणि बोलावले तरी सापळ्याच्या भीतीने पोलीस वेळेवर येत नसत. १९९३ मध्ये मोनिका मॅकविल्यम्स आणि जोन मॅककिअरनन यांचा घरगुती हिंसाचारावरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हे वास्तव कागदावर आले. यातील पहिले नाव लक्षात ठेवा.

१७/
स्त्रीवादाने शांततेच्या व्याख्येत घातलेली भर ती हीच. शस्त्रसंधी झाली, रस्ते शांत झाले, पण ज्या घरात दारामागे मारहाण चालू आहे त्या घराला शांतता लाभली असे म्हणायचे का? शांतता म्हणजे गोळीबाराचा अभाव एवढेच मानले तर वाटाघाटी बंदूकधाऱ्यांपुरत्या राहतात. व्याख्या रुंदावली की टेबलाशी बसणाऱ्यांची यादीही रुंदावावी लागते.

१८/
ऐंशीचे दशक हे मोर्चांचे नव्हे, खोल्यांचे दशक. फॉल्स, शँकिल आणि बेलफास्टच्या इतर श्रमिक वस्त्यांत महिला केंद्रे उघडली. तेथे पाळणाघर, शिक्षणाचे वर्ग, कर्जबाजारी कुटुंबांना सल्ला, घरगुती हिंसाचारात मदत असे काम चाले. १९८० पासून ‘विमेन्स इन्फर्मेशन ग्रुप’च्या मासिक सभा सुरू झाल्या. एका महिन्यात सभा कॅथलिक भागात, पुढच्या महिन्यात प्रोटेस्टंट भागात. विषय आरोग्याचा किंवा सरकारी भत्त्यांचा. पण अनेकींनी ‘त्यांच्या’ वस्तीत पहिल्यांदा पाऊल टाकले ते या सभांच्या निमित्ताने.

१९/
लोअर ऑर्मो रोडवरील जॉइस मॅककार्टन या अशा कार्यकर्त्यांपैकी एक. १९८७ मध्ये त्यांच्या किशोरवयीन मुलाचा खून झाला. तरीही दोन्ही समाजांतील स्त्रियांना चहाच्या टेबलाभोवती बसवण्याचे त्यांचे काम थांबले नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये हिलरी क्लिंटन बेलफास्टला आल्या, तेव्हा त्यांनी मॅककार्टन यांच्यासोबत चहा घेतला. चहाची ती साधी किटली भेट म्हणून अमेरिकेला गेली आणि क्लिंटन यांनी पुढे अनेक भाषणांत तिचा उल्लेख केला. मॅककार्टन जानेवारी १९९६ मध्ये वारल्या. पुढची निवडणूक त्यांना पाहता आली नाही.

२०/
या केंद्रांची खरी कसोटी ऐंशीचे दशक संपता संपता लागली. युनियनिस्टांचे बहुमत असलेल्या बेलफास्ट नगरपरिषदेने फॉल्स महिला केंद्राचे अनुदान रिपब्लिकनांशी संबंध असल्याचा ठपका ठेवून बंद केले. तेव्हा शँकिलच्या प्रोटेस्टंट स्त्रिया उघडपणे फॉल्सच्या बाजूने उभ्या राहिल्या. आपल्याच समाजाच्या नगरसेवकांविरुद्ध उभे राहण्याची किंमत त्या जाणून होत्या. याच लढ्यातून केंद्रांचे संयुक्त जाळे, ‘विमेन्स सपोर्ट नेटवर्क’, आकाराला आले.

२१/
येथे थोडे थांबू. १९७६ च्या मोर्च्यात स्त्रिया ‘आपण सर्व एक आहोत’ म्हणून एकत्र आल्या होत्या. १९९० च्या सुमारास त्या ‘आपण एक नाही, तरी या मुद्द्यावर सोबत आहोत’ असे म्हणू लागल्या होत्या. सीमा कोठे असावी यावर मतभेद कायम होता आणि तो लपवला जात नव्हता. ब्रिटिश अभ्यासक सिंथिया कॉकबर्न यांनी या केंद्रांचा अभ्यास करताना नेमकी हीच गोष्ट टिपली. अस्मिता दाराबाहेर ठेवायला न सांगणारी एकजूट अधिक टिकाऊ असते.

२२/
आता १९९६. दोन वर्षांपूर्वी शस्त्रसंधी झाल्या होत्या. पण ९ फेब्रुवारी १९९६ ला आयआरएने लंडनमध्ये स्फोट करून आपली शस्त्रसंधी मोडली. सरकारने वाटाघाटींसाठी निवडणूक जाहीर केली. स्त्री-संघटनांनी पक्षांना विनंती केली की उमेदवार-याद्यांत स्त्रियांना स्थान द्या. पक्षांनी दाद दिली नाही. तेव्हा एव्हिला किलमरी, ब्रोना हाइंड्स आदी कार्यकर्त्यांनी ठरवले : आपलाच पक्ष काढू. ‘नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअलिशन’ जन्माला आली. शँकिलच्या कामगार कार्यकर्त्या मे ब्लड याही संस्थापकांत होत्या. रंग निवडले ते मताधिकारासाठी लढलेल्या ब्रिटिश स्त्रियांचे : हिरवा, पांढरा, जांभळा.

२३/
निवडणुकीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. १८ मतदारसंघांतून प्रत्येकी पाच, असे ९० प्रतिनिधी. शिवाय सर्व मतदारसंघांची बेरीज करून पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन, असे आणखी २०. ही शेवटची सोय सरकारने केली ती लॉयलिस्ट सशस्त्र गटांशी निगडित छोटे पक्ष टेबलाशी यावेत म्हणून. कोअलिशनने सत्तरेक उमेदवार उभे केले. कोठेही जिंकायचे नव्हते, सगळीकडून थोडी थोडी मते आणायची होती. पक्ष नववा आला. आपल्या लोकसभेच्या पद्धतीने त्यांना शून्य जागा मिळाल्या असत्या. बंदूकवाल्यांसाठी उघडलेल्या दारातून स्त्रिया आत गेल्या.

२४/
प्रतिनिधी होत्या मोनिका मॅकविल्यम्स (घरगुती हिंसाचाराच्या अभ्यासक, कॅथलिक) आणि पर्ल सेगर (पूर्व बेलफास्टमधील वस्ती-कार्यकर्त्या, प्रोटेस्टंट). पक्षाची तत्त्वे तीनच : समावेश, समता, मानवी हक्क. ब्रिटनसोबत राहायचे की आयर्लंडसोबत, यावर पक्षाने जाणीवपूर्वक भूमिका घेतली नाही. सभासदांत युनियनिस्टही होत्या आणि नॅशनलिस्टही. प्रत्येक प्रस्तावावर आधी आपसांत वाद घालून मगच त्या टेबलाशी जात. जो मसुदा या खोलीत दोन्ही बाजूंना पटला, तो बाहेरही पटण्याची शक्यता होती.

२५/
सभागृहात स्वागत कसे झाले? मॅकविल्यम्स बोलायला उभ्या राहिल्या की युनियनिस्ट बाकांवरून गाईसारखे हंबरण्याचे आवाज काढले जात. घरी जाऊन मुले सांभाळा, अशा अर्थाचे टोमणे तर रोजचे. कोअलिशनने आपल्या कार्यालयात एक फलक लावला आणि त्यावर अपमान आणि तो करणाऱ्याचे नाव लिहायला सुरुवात केली. पत्रकार तो फलक वाचायला येऊ लागले, तेव्हा शेरेबाजांना आपले शब्द जपावे लागले.

२६/
सर्वांत जोखमीची भूमिका ‘समावेशा’ची होती. शस्त्रसंधी मोडलेल्या आयआरएचा पक्ष चर्चेत हवा, असे म्हणणे तेव्हा अनेकांना खुनाचे समर्थन वाटे. कोअलिशनचे म्हणणे असे की, ज्यांच्या हाती बंदुका आहेत त्यांना वगळून केलेला करार बंदुका थांबवणार नाही. १९९८ च्या आरंभी खुनांच्या प्रकरणांवरून आधी एक लॉयलिस्ट पक्ष आणि नंतर शिन फेन काही काळ चर्चेबाहेर काढले गेले. त्या काळातही कोअलिशनने दोघांशी संपर्क तोडला नाही. दोन्ही बाजूंच्या बहिष्कृतांशी सारखेच बोलता येईल असे पक्ष त्या टेबलाशी फार थोडे होते. ते बळ फॉल्स आणि शँकिलच्या खोल्यांत कमावलेले होते.

२७/
१० एप्रिल १९९८ ला करार झाला. सत्तावाटप, सीमा, पोलीस, कैद्यांची सुटका हे त्याचे मोठे खांब. कोअलिशनच्या आग्रहाची छाप दिसते ती पुढील ठिकाणी : राजकारणात पूर्ण आणि समान सहभाग घेण्याचा स्त्रियांचा हक्क; हिंसाचारात बळी पडलेल्यांची दखल आणि त्यांना साहाय्य; दोन्ही समाजांच्या मुलांसाठी एकत्र शाळा आणि मिश्र वसाहती यांना उत्तेजन; आणि कामगार संघटना, चर्च, स्वयंसेवी संस्था यांचा सल्लागार मंच, ‘सिव्हिक फोरम’. २२ मे रोजी सार्वमतात उत्तर आयर्लंडमधील ७१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कराराला संमती दिली.

२८/
उतरती कळा मात्र लगेच लागली. जून १९९८ मध्ये नव्या विधानसभेच्या १०८ जागांवर १४ स्त्रिया निवडून आल्या. त्यांत कोअलिशनच्या दोन : मॅकविल्यम्स आणि जेन मॉरिस. २००३ मध्ये दोन्ही जागा गेल्या. आपल्या गटाचा कणखर रक्षक कोण, यावर मतदान होऊ लागले आणि दोन्ही टोकांचे पक्ष सर्वांत मोठे झाले. सीमेवर भूमिका न घेणे हे वाटाघाटीत सामर्थ्य होते. निवडणुकीत तेच दुबळेपण ठरले. २००६ मध्ये पक्ष विसर्जित झाला.

२९/
आणि त्याने लिहिलेली कलमे? सिव्हिक फोरम २००० मध्ये सुरू झाला, २००२ मध्ये विधानसभेसोबत स्थगित झाला आणि विधानसभा परतली तरी तो पूर्वीच्या रूपात परतला नाही. एकत्र शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण अजून दहा टक्क्यांच्या आत आहे. वस्त्यांमधील भिंती बऱ्याच ठिकाणी उभ्याच आहेत. बंदुकांविषयीची कलमे अमलात आली, कारण त्यामागे जागते पक्ष होते. शाळा आणि घरांविषयीच्या कलमांचा पाठपुरावा करणारा पक्ष आठ वर्षांत संपला.

३०/
एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव १३२५ संमत केला : शांतता-प्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग हवाच. या विषयावर बोलताना जगभर उत्तर आयर्लंडचे उदाहरण दिले जाते. पण ब्रिटनने या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या सुरुवातीच्या कृती-आराखड्यांत उत्तर आयर्लंड धरलेच नव्हते. कारण तेथील संघर्षाला ब्रिटिश सरकार आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने ‘सशस्त्र संघर्ष’ मानत नाही. ज्यांचा दाखला दिला जातो, त्यांच्याच घराला तो ठराव लागू धरला गेला नव्हता.

३१/
फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारात प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री या दोन्ही पदांवर स्त्रिया आल्या : मिशेल ओनील आणि एमा लिटल-पेंगेली. एक शिन फेनची, दुसरी डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाची. म्हणजे १९९८ मध्ये कराराला विरोध केलेल्या पक्षाची. ज्या सभागृहात स्त्री बोलू लागताच हंबरणे ऐकू येई, त्या राजकारणाने इतका पल्ला गाठला. पदे मिळाली, पण शाळा आणि भिंतींचा प्रश्न त्या पदांसमोर तसाच उभा आहे.

३२/
तर, मागणी आणि मसुदा यांतील अंतर. १९७६ च्या मोर्चांनी मागणी सर्वांच्या तोंडी आणली, पण प्रत्येक बंदुकीबद्दल एकाच आवाजात बोलणे जमले नाही आणि विश्वास गेला. केंद्रांतील स्त्रियांनी वीसेक वर्षे मतभेद न झाकता एकत्र काम करण्याची सवय लावून घेतली. कोअलिशनने त्या सवयीचा मसुदा केला. यातील मधला टप्पा छायाचित्रांत दिसत नाही, त्याला पारितोषिकही मिळाले नाही; पण तो वगळला तर ७,७३१ मतांचा अर्थच लागत नाही.

३३/
कोणत्याही शांतता-कराराचा इतिहास वाचताना म्हणून दोन प्रश्न हाताशी ठेवावेत. टेबलाशी बसणारे तेथे पोचले कोणाच्या खांद्यावरून? आणि सह्या झाल्यावर प्रत्येक कलमाची राखण करायला मागे कोण उरले? पहिल्या प्रश्नाने विसरलेली माणसे सापडतात. दुसऱ्याने कळते की त्यांना विसरण्याची किंमत पुढच्या पिढीने कोणत्या शाळेत आणि कोणत्या भिंतीआड बसून मोजली.

(धागा समाप्त. शंका, पूरक माहिती आणि मतभेद प्रतिसादांत अवश्य मांडावेत.)